पांढरा रुमाल कोणी बांधावा

मी, उमसुनाई, सातारकुल यांची मुलगी, वय एकाहत्तर, अध्यापक विद्यालयातील तर्कशास्त्राची निवृत्त शिक्षिका, हे लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. मनाबद्दल मी दावा करत नाही, आणि कायदाही तो मागत नाही. माझ्यावर कोणा व्यक्तीचा दबाव नाही. मत्सराचा आहे, तो कलम तीन आणि चारमध्ये नोंदवला आहे. यापूर्वीचे सर्व लेख रद्द समजावेत.

१. घर, मागची सफरचंदाची झाडे आणि गाय माझी सून बेगाइम हिला. तिने पुन्हा लग्न केले तरीही. माझे दीर शेइशेन यांनी "घर आपल्या रक्तातच राहायला हवं, वहिनी," असे मला दोनदा सुनावले आहे. घरात माणसे राहतात. रक्तात कोणी राहत नाही. शेइशेन यांना माझ्या नवऱ्याचे खोगीर द्यावे. आमचा चहाचा समोवार त्यांनी एका लग्नासाठी म्हणून नेला, तो त्यांच्याकडे आहेच.

२. पुस्तके विद्यालयाला. समासातील माझ्या दुरुस्त्या खोडू नयेत.

३. मोठा नमदा, म्हणजे लोकरीचा जाड गालिचा, गल्लीतल्या काल्बूबूला. ती वीस वर्षे त्याची स्तुती करते आहे, आणि ती स्तुती कशासाठी आहे हे मी ओळखून आहे. माझ्या नवऱ्याचा ट्रक घाटातून कोसळला तेव्हा मी तेहतीस वर्षांची होते. रीतीप्रमाणे वर्षभर काळे कपडे घातले, आणि त्या वर्षात हा नमदा विणला नाही, शिवला नाही, अक्षरशः पायांनी तुडवून घडवला. तेव्हा जे कळले ते पुढे मी गावातल्या प्रत्येक विधवेला शिकवले: नवऱ्याची टोपी चाळीस दिवस खुंटीवरून काढू नकोस, आधी हातांना काम दे, समजूत नंतर. काल्बूबूचा नवरा नदीत गेला तेव्हा तीही माझ्याकडेच शिकली. आज बायका तिच्या फाटकाशी जातात. गल्लीत माझे फाटक आधी लागते.

ती "टोपी काढू नकोस" असे सांगताना माझे नाव घेईल, अशी अट मी येथे घातली होती. बेगाइम मला आपा, म्हणजे आई म्हणते; ती म्हणाली, "आपा, ती दर वेळी तुमचंच नाव घेते." अट खोडली आहे. मत्सर त्यामुळे वाढला, हेही नमूद करते.

४. गेल्या ऑक्टोबरात माझा एकुलता मुलगा, बेगाइमचा नवरा तालांत, दरडीखाली गेला. विधवेने यर्टमध्ये, म्हणजे नमद्याच्या गोल तंबूत, भिंतीकडे तोंड करून नवऱ्यासाठी विलाप गायचा असतो. बेगाइम चुकू नये म्हणून तो मी रात्रीतून लिहून दिला: चार कडवी, वृत्त निर्दोष. तिच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. बाहेर पाहुणे उभे. काल्बूबू, जी मला एजे म्हणजे थोरली बहीण म्हणते, आत आली, कागद पाहिला आणि म्हणाली, "एजे, तुम्ही बाईला रडायच्या आधी व्याख्या विचारता!" मग बेगाइमजवळ बसली. "राग आलाय ना गं त्याचा? मग शिव्या घाल मेल्याला. भिंत काही चुगली करत नाही."

बेगाइम ओरडली, "चहा तरी पिऊन जायचं होतंस, गाढवा! ओतून ठेवला होता मी!" आणि मग तिचा विलाप सुटला तो संध्याकाळपर्यंत.

काल्बूबूने माझ्याकडे वळून विचारले, "एजे, आता तुम्ही?"

मी म्हणाले, "मला येतं." आले नाही. माझा मुलगा तिथे निजला होता, आणि मी विचार करत होते की हे तिला सुचले, मला का नाही.

५. वर्षश्राद्धाच्या जेवणाला एखादी वडीलधारी बाई विधवेचे काळे उतरवते आणि पांढरा रुमाल बांधते. पुढे जन्मभर ती विधवा अडचणीत त्याच बाईकडे जाते. तो रुमाल मी विकत आणून ठेवला आहे. डॉक्टरांच्या मते मी सप्टेंबर पाहणार नाही. सबब: रुमाल बांधणारीने स्वतः काळे नेसलेले असावे, आणि तिच्यापुढे बेगाइमला रडता आले पाहिजे. गावात पहिली अट पुरी करणाऱ्या पुष्कळ आहेत, मीही त्यांतली. दुसरी पुरी करणारी एकच. म्हणून रुमाल काल्बूबूने बांधावा. हा निष्कर्ष मला आवडलेला नाही. मी जगले तरी तो बदलणार नाही.

६. माझा विलाप कोणीही आधी लिहू नये. बेगाइमला शब्द सुचले नाहीत, तर काल्बूबूने तिला विचारावे, माझा राग आला आहे का. आला असेल. कारण आहे.

काल्बूबू लाभार्थी असल्याने तिची साक्ष चालत नाही. हे तिला सांगितल्यावर ती म्हणाली, "बरं, मग चहा तरी करते," आणि चहा घेऊन आली. मी तो प्याले, आणि नंतर सही केली.

उमसुनाई

साक्षीदार: तुर्सुनबेक, निवृत्त पशुवैद्य
साल्किन, ग्रंथपाल

नारीन, ११ मे २००९