दोन दातांचा फरक

दिलसुखनगर, हैदराबाद
रविवार

प्रिय त्रिवेणी,

माझं पत्र बघून तू दचकशील. घरात फोन असताना अप्पाला कागद कशाला लागला, असं वाटेल. फोनवर सांगायचा मी तीनदा प्रयत्न केला. तू 'हॅलो' म्हणालीस की मी 'आईला देतो' म्हणायचो आणि सुटायचो. तुला मराठी अडखळत वाचता येतं हे मला ठाऊक आहे. मी स्वतः इथल्या जामबाग भागात मराठी शाळेत शिकलो आणि तुला मात्र इंग्रजी शाळेत घातलं, त्याला तू काय करणार? म्हणून अक्षरं मोठी आणि सुटी काढली आहेत. वेळ लागला तरी तूच वाच, पुण्यात आत्याकडून वाचून घेऊ नकोस.

आईचा गुडघा आता बरा आहे. परवा ती एकटी बेगम बाजारात जाऊन वर्षाची मिरची आणि चिंच घेऊन आली, वर रिक्षावाल्याशी तेलुगूत भांडलीही. गॅरेज चालू आहे. तुझी पान्यांची पेटी तू ठेवलीस तिथंच आहे. मी तिला हात लावत नाही, नजर मात्र जाते.

हिम्मतरावांच्या ट्रकचं बोलायचं आहे. मिलिटरीच्या लिलावातला तो जुना ट्रक, चारही चाकांना जोर देणारा. विकाराबादकडच्या त्यांच्या पेरूच्या बागेत चिखल झाला की तोच एक वर चढायचा. मागच्या एक्सलमधून रडल्यासारखा आवाज यायला लागला, म्हणून आपण मागचं डिफरन्शियल, चाकांना जोर पोचवणारा तो दातेरी चक्रांचा गोळा, बदलायला घेतलं. नवं मिळणं अशक्य. मी जुन्या सामानाच्या बाजारातून एक उचलून आणलं. बोल्टांची भोकंसुद्धा जुळली, मी खूश. तू मात्र बसवण्याआधी त्याचे दात मोजलेस. मग पुढचं चाक जॅकवर उचललंस, शाफ्टला खडूची खूण केलीस आणि चाक फिरवून हिशेब मांडलास. मागच्या मोठ्या चक्राला एकोणचाळीस दात, आणि पुढच्याला एक्केचाळीस असणार. "अप्पा, पुढचं नि मागचं जुळत नाही. चारही चाकं जोडली की एक एक्सल जलद, एक हळू फिरेल आणि दोन्ही एकमेकांशी भांडतील. चिखलात चाक घसरून निभावेल, डांबरावर काहीतरी तुटेल."

हिम्मतराव तिथंच खुर्चीवर चहा घेत होते. हसून म्हणाले, "क्या दत्तोबा उस्ताद, बेटी सिखारी क्या तुमकू?" शेजारच्या वेल्डिंगवाल्यानंही मान वर केली. मला ते झोंबलं. मी म्हणालो, "दोन दातांनी काय होतं? कॉलेजात मोजायला शिकवतात, गाडी दुरुस्त करायला नाही." तू सांगितलं तसं काम पुरं केलंस. बेअरिंग, दातांमधली फट, तेल, सगळं मापात. माझ्या हातूनही त्याहून चांगलं झालं नसतं. तेव्हा हे तुला बोललो नाही.

तीन आठवड्यांनी त्यांचा ड्रायव्हर विकास पेरू भरून बागेतून निघाला. चिखलातून वर येऊन डांबराला लागला. पुढच्या चाकांचा जोर काढायला त्यानं दांडा ओढला, तर हलेना. आत सगळं आवळलं गेलं होतं. उतारावर गिअरबॉक्स फुटला, ट्रक रस्त्याकडेच्या चारीत गेला आणि विकासच्या मांडीचं हाड मोडलं.

दुसऱ्या दिवशी हिम्मतराव गॅरेजात येऊन चारचौघांसमोर ओरडले. तू रॉकेलमध्ये बेअरिंग धूत बसली होतीस. मी म्हणालो, "मागच्या एक्सलचं काम पोरीनं केलं होतं." एवढंच. वाक्य खोटं नव्हतं, म्हणून तर ते इतकं सहज निघालं. तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, आता म्हणशील, मी सांगितलं होतं. पण तू हात पुसलेस, रॉकेलचं भांडं झाकलंस आणि घरी गेलीस. आठवड्याच्या आत पुण्याची गाडी धरलीस.

त्याला चौदा महिने झाले. ट्रक हिम्मतरावांनी भंगारात काढला, त्यामुळे तो पुन्हा कुणी उघडून बघितलाच नाही. उस्तादच्या पोरीनं ट्रक घालवला, असं लोक बोलत. कुणी माझ्यापाशी हळहळलं तर मी मान हलवायचो. त्रिवेणी, मी मान हलवायचो.

मागच्या महिन्यात तू आईशी बोलत होतीस. ती भाजी निवडत होती म्हणून फोन स्पीकरवर होता. मी दारात होतो. तू म्हणालीस, "आई, माझी खडूची खूणच चुकली असेल का गं? की फट जास्त राहिली? मी अजून रोज आठवून बघते." आणि म्हणून तिथल्या गाड्यांच्या कंपनीत तू कागदावरचं काम मागून घेतलंस, गाडीला हात लावत नाहीस, हेही सांगितलंस. मी चप्पल न घालताच रस्त्यावर आलो. इतके दिवस मला वाटत होतं, तू माझ्यावर रागावली आहेस. तू तर स्वतःलाच तपासत होतीस.

तुझं काही चुकलं नव्हतं, पोरी. आणि हे मला ट्रक गॅरेजातून निघण्याआधीच ठाऊक होतं. दातांवरून आपलं वाजलं त्याच दुपारी तू जेवायला घरी गेलीस, तेव्हा मी शटर अर्धं ओढून पुढच्या एक्सलचं झाकण उघडलं आणि दात मोजले. एक्केचाळीस. पुन्हा मोजले. मग झाकण लावलं, नवं पॅकिंग घातलं, आणि तू विचारलंस तेव्हा तेल गळत होतं म्हणालो. काम तिथंच थांबवता आलं असतं. पण सकाळी सगळ्यांसमोर बोललेला शब्द मागे घ्यायचा जिवावर आला. काल हिम्मतरावांना आणि शेजारच्यांना बोलावून मी हे सांगितलं. हिम्मतराव चहा तसाच ठेवून उठले. मग विकासकडे गेलो. तो अजून लंगडतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्रिवेणीताईला सांगितलं का?" मी नाही म्हणालो. "मग उस्ताद, माझ्याकडे कशाला आलात आधी?" म्हणून हे पत्र. माफी मागायला मला तोंड नाही. तू रोज जे आठवून बघतेस ते मात्र आता बंद कर. चूक माझी होती, आणि ती मी जाणूनबुजून केली.

तुझाच,
अप्पा