फ्रिजमधली नळी

हो, फ्रिजमध्येच ठेवलीय, अण्णा. नाक मुरडू नका. कागदावर तसंच लिहिलंय, लगेच पोस्टात टाकणं झालं नाही तर थंड जागी ठेवा म्हणून. बोटाएवढी नळी, टोपणाला काडी, काडीला आपलं ते, परसाकडचं, जरासं. वरच्या कप्प्यात देवाचं दूध असतं, म्हणून खाली भाजीच्या मागं, तीन पिशव्यांत गुंडाळून ठेवली. मेथीच्या जुडीनं काय पाप केलंय कुणास ठाऊक. इथं हॉलंडात वय झालं की सरकार घरी पाकीट धाडतं. नमुना घ्या, परत पाठवा. त्यात रक्ताचा अंश निघाला तर मोठ्या आतड्यात कॅन्सर आहे का ते पुढं तपासतात. तुमच्या दवाखान्यात लोक काडेपेटीत आणायचे, तसंच की. तुम्ही तिथले शिपाई. टेबलावर काडेपेट्यांची रांग, प्रत्येकीवर चिठ्ठी, आणि लाजत दाराबाहेर उभ्या राहिलेल्या बाईला तुम्ही ओरडताय, "अहो, लाज चपलेबरोबर बाहेर काढा आणि आत या!"

त्यातलीच एक मी लहानपणी उचलून आणली होती आणि चुलीपाशी ठेवली होती. आईनं काडी काढायला उघडली. तिनं ठोकलेली बोंब मला अजून ऐकू येती, आणि खरं सांगते, हसू पण येतं. तुम्ही मारलं नाहीत. हाताला धरून ज्याची ती पेटी होती त्या म्हाताऱ्याच्या दारात नेलंत आणि मला म्हणायला लावलंत, "आजोबा, माझ्यामुळं वाया गेली, परत द्याल का?" येताना एवढंच बोललात, "माणूस लाज गिळून हे आणून देतं पोरी. त्याची चेष्टा करायची नाही." आणि स्वतःची पेटी मात्र कधी दिली नाहीत. मूळव्याध आहे, उष्णता आहे, म्हणत ताकात जिरं घालून पीत राहिलात. धोतर मी धुवत होते, अण्णा, मला दिसत होतं. तालुक्याच्या डॉक्टरनं आतड्यात गाठ सांगितली तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. रागावू नका. तुम्ही गेलात त्या वयापेक्षा मी आठ वर्षांनी मोठी आहे आता, बापाला चार शब्द सुनवायचा हक्क आहे मला.

मी तरी काय शहाणी. दोन वर्षांमागं असंच पाकीट आलं होतं. डच मला वाचता येत नाही, आणि पोराला काय विचारू, बाबा रे, माझं हे कसं पाठवायचं? तुमचे जावई असते तर त्यांना पुढं केलं असतं, पण ते तर त्याच्या आधीच गेले. दुखत नाही, खुपत नाही, आपण भाजी-भाकरी खाणारी माणसं, आपल्याला काय होतंय, असं म्हणत सगळं रद्दीत घातलं. शेजारची डच म्हातारी रस्त्यात सायकल थांबवून मोडक्या इंग्रजीत विचारत होती, "तुझं पाठवलंस का?" पाव आणलास का विचारावं, तसं. मी पाठवलं म्हणून मान हलवली.

या खेपेला पाकीट सुनेच्या हाती लागलं. ती माझ्याजवळ फरशीवर बसली आणि एकेक ओळ मराठीत सांगायला लागली.

"आई, आधी कमोडमध्ये कागद अंथरायचा."

"म्हणजे पान मांडायचं."

"आई!"

"आणि वाढून झालं की चवीपुरतं उचलायचं. कळलं, पुढं वाच."

हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग चष्मा पुसून म्हणाली, "इथं लिहिलंय, रक्त दिसत असेल तर या नळीवर विसंबायचं नाही. सरळ हाउसआर्ट्सकडे जायचं." हाउसआर्ट्स म्हणजे इथला आपला नेहमीचा डॉक्टर. "तुम्हाला दिसतं का हो कधी?"

"मला चष्म्याशिवाय तू पण दिसत नाहीस," म्हणलं, आणि काडी मागून घेतली.

ती साडेपाचला ऑफिसातून येईल. सायकल लावून आत आली की, चहाच्या आधी, तिला हाउसआर्ट्सला फोन लावायला सांगणार आहे. पोरगा बाजूला असला तरी सांगणार आहे. डॉक्टर मागून आत कॅमेऱ्याची नळी घालून बघतात म्हणे, बघू देत. सुनेपुढं तोंड उघडावं म्हणून आधी तुमच्यापुढं उघडते. हे पत्र धाडायला पत्ता नाही, आणि असता तरी धाडलं नसतं, तुम्ही उलट टपालानं ताक-जिरं सांगितलं असतं.

रक्त दिसतंय, अण्णा. दोन महिने झाले.