पिवळ्या पानावरचा गुप्त जप

शिर्डी,
२० फेब्रुवारी १९९९

चि. सुहास यास,

शामकांतमामाचे आशीर्वाद, आणि या खेपेला नेहमीपेक्षा चार जास्त. तुझी सर्दी गेली का? अमेरिकेतल्या थंडीत रात्री दही खाऊ नकोस असं मामी सांगते. (तिकडे दही मिळतं की नाही, हे तिने विचारलेलं नाही.) आम्ही सर्व खुशाल आहोत. माझा गुडघा जिन्यावर बोलतो, सपाटीला गप्प असतो. मामीचे उपास चालू आहेत, त्यामुळे घरात साबुदाणा भरपूर आहे. यामिनीची प्रकृती उत्तम आहे, पण ती हल्ली कमी बोलते. पत्र लांबणार आहे, तेव्हा चहा घेऊन बस.

गेल्या ऑगस्टमध्ये तू इथे होतास, तेव्हा आपल्या लॉजचं पान इंटरनेटवर चढवण्यावरून माझी आणि यामिनीची झालेली बोलाचाली तुझ्यासमोरच झाली. खोली नंबर एकमधल्या कॉट काढून तिने तिथे कॉम्प्युटर मांडला आणि मी सर्वांदेखत अट घातली, की पाडव्यापर्यंत या पानावरून गिऱ्हाईक आलं तर खोली तुझी, नाहीतर कॉट परत आत आणि तू संगमनेरच्या पतसंस्थेत नोकरीला. एकतीस वर्षं पंचायत समितीत आवक-जावक सांभाळलेल्या माणसाला मुदत घातल्याशिवाय बोलता येत नाही. तू तेव्हा हसलास. यामिनी हसली नव्हती.

आणि गिऱ्हाईक आलं की. दिवाळीत डर्बनहून पाच माणसांचं कुटुंब आलं, मागोमाग लेस्टरचं एक जोडपं. त्या जोडप्याने मामीला पिठल्याची कृती इंग्रजीत लिहून मागितली. (मीच लिहून दिली. ‘डाळीचं पीठ हळूहळू वैरावे’ यातल्या ‘वैरावे’पाशी मी अर्धा तास बसलो होतो.) यामिनी सांगे, की शोधयंत्रात ‘शिर्डी लॉज’ घातलं की आपलं पान तिसरं येतं. पहिलं का नाही, असं मी विचारलं. ती म्हणाली, बाबा, ते यंत्र इतर गोष्टींबरोबर पानात कुठला शब्द किती वेळा आलाय तेही मोजतं. एवढं सांगून ती नळाचं पाणी भरायला गेली. तिने जायला नको होतं.

तुला माहीतच आहे, निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी वहीत एकशे आठ वेळा साईंचं नाव लिहिण्याचा माझा नेम आहे. नाव किती वेळा लिहिलं हे मोजणारी माझ्या ओळखीची आजवर एकच जागा होती. दुसरी अमेरिकेत निघाली. मग मी वहीऐवजी खोली नंबर एकमध्ये बसू लागलो. पानाच्या तळाशी, इंग्रजीतून, ‘शिर्डी साई लॉज’, रोज एकशे आठ वेळा, सव्वा महिना. एकदा लिहून त्याच्या हव्या तेवढ्या नकला करता येतात, हे मला ठाऊक होतं. पण नकला मारलेला जप कुठे रुजू होतो? प्रत्येक अक्षर बोटाने दाबलं आहे. आणि अशा गोष्टीचा गवगवा नको, म्हणून पान जसं झेंडूच्या रंगाचं आहे, तसाच रंग अक्षरांना दिला. पिवळ्यावर पिवळं. गुप्तदानाला देतात तसंच. दर सोमवारी यामिनी ते पान फोनच्या तारेवरून इंटरनेटवर चढवी आणि म्हणे, हे खालून लांबत का चाललंय? मी पेपर वाचत असे.

जानेवारीत आपलं पान शोधयंत्रातून गेलं. तिसरं नाही, तिसावं नाही, कुठेच नाही. यामिनीने त्या यंत्राच्या कंपनीला ई-मेलने विचारणा पाठवली. उत्तर आलं त्या दिवशी ती नगरला गेली होती आणि मी कॉम्प्युटरपाशी होतो. त्यांनी सभ्य भाषेत लिहिलं होतं, की पानात एकच शब्द हजारो वेळा दडवून ठेवल्याचं आढळल्याने ते काढून टाकलं आहे. दडवलेलं हटवा आणि पुन्हा अर्ज करा. मी तो कागद छापून पंचांगात ठेवला आणि कॉम्प्युटरमधला पुसला. सेवेत असताना मी एकही कागद दडवला नव्हता. पहिला दडवला तो पोटच्या पोरीचा.

आता ते हटवायचं कसं? नाव आहे ते. खाली हारफुलांचं दुकान चालवणाऱ्या मच्छिंद्रला मी आडून विचारलं. तो म्हणाला, “भाऊसाहेब, लिव्हलेलं नाव कुनी पुसतं व्हय? पान्यात सोडायचं असतं.” मला पटलं. यामिनी बँकेत गेलेली पाहून सगळं छापून काढलं. बहात्तर पानं, एकाला एक जोडलेली, दोन्ही कडांना भोकं. मच्छिंद्रच्या टेम्पोत शेवंतीच्या पाट्यांमध्ये बसून आम्ही पुणतांब्याला गेलो आणि गोदावरीत विसर्जन केलं. वही बुडते, सुहास. हा कागद बुडाला नाही. तो उलगडत गेला आणि नदीत पांढरा लांबच लांब पट्टा तरंगू लागला. काठावर गुरं पाजणारे एक पाटील धावत आले आणि मच्छिंद्रला म्हणाले, “धरनाचा सर्वे हाय का? आमचं रान जातंय का ह्यात?” त्यांची समजूत घालायला आम्हाला तासभर लागला. मच्छिंद्र म्हणाला, “न्हाई हो, भाऊसाहेबांचा जप हाय.” त्यावर ते आणखीच काळजीत पडले.

विसर्जनानंतर तीन सकाळी बसून, शेवटच्या ओळीपासून उलटं येत, मी सगळं पुसलं. मग रीतसर अर्ज केला. रिस्पेक्टेड सर, सविनय निवेदन, ग्रामपंचायतीच्या दाखल्याची साक्षांकित प्रत, नगरच्या एका राजपत्रित अधिकाऱ्याने दिलेला वर्तणुकीचा दाखला, सगळं एअरमेलने रजिस्टर. चौथ्या दिवसापासून पोस्टमन मला पाहून रस्ता बदलतो.

पाडवा अठरा मार्चला आहे. परवा यामिनी माळ्यावर चढून त्या कॉटची मापं घेत होती. मी विचारलं तर म्हणाली, “काही नाही, बघून ठेवते.” मला जेवण गेलं नाही.

मामी तुला आठवण सांगते. दही खाऊ नकोस.

तुझा,
शामकांतमामा

ता. क. : ती कंपनी तुझ्या गावापासून तासाभरावर आहे असं तू म्हणाला होतास. तेव्हा समक्ष जा. अर्ज पडून असतो, माणूस समोर उभा राहिला की हलतो. सोबत पेढ्यांचा पुडा पाठवत आहे, तो साहेबांना दे. काम होईपर्यंत तिथून उठू नकोस.

ता. क. २ : काम झालं की यामिनीला एवढंच लिही, की यंत्राची चूक होती. जपाचं तिला काही माहीत नाही.

ता. क. ३ : माझं इंग्रजी अक्षर तिकडच्या टपालवाल्यांना लागणार नाही, म्हणून पाकिटावर पत्ता यामिनीकडून घालून घेत आहे. पाकीट तीच चिकटवील.

सुहासदादा, मी यामिनी. पाकीट चिकटवायचं होतं, पण आधी वाचलं. मला डिसेंबरपासून माहीत आहे. सगळं पान एकदम निवडलं की पिवळ्यावरचं पिवळंही निळं होतं. थांबवणार होते, पण बाबा सकाळी इतक्या आनंदात त्या खोलीत जायचे, की सोमवार पुढे ढकलत राहिले. म्हणजे अर्धी चूक माझी. त्यांनी पुसून झाल्यावर मी कंपनीला पुन्हा लिहिलं, आणि गुरुवारी आपलं पान परत आलं. नववं आहे. बाबांना अजून सांगितलं नाही, कारण मी नुसता ई-मेल केला आणि काम झालं, हे त्यांना पटणार नाही. त्यांच्या दाखल्यांचं काय झालं ते विचारत बसतील. तेव्हा तू साहेबांना समक्ष भेटलास, साहेब उठून उभे राहिले आणि त्यांनी वर्तणुकीचा दाखला दोनदा वाचला, असं बाबांना लिही. मला तू यंत्राची चूक होती असं लिहिणारच आहेस. दोन्ही पत्रं एकाच पाकिटात घालू नकोस.

कॉटची मापं मच्छिंद्रकाकांना हवी होती. ते विकत घेताहेत.

पेढे तू खा. तसा पुडा अर्धाच आहे, उरलेले आईने उपासाला ठेवून घेतले.