बायकोच्या लॅपटॉपवर मी बसवलेलं सॉफ्टवेअर

सोमवार, ३ मार्च. सकाळी ९:१०
बायकोच्या प्रबंधाचे शेवटचे आलेख शुक्रवारी पाचच्या आत गाइडबाईंकडे गेले पाहिजेत. त्यासाठी लॅबने दिलेल्या लिनक्स लॅपटॉपवर रेणूंची हालचाल मोजणारं सॉफ्टवेअर बसवायचंय. ती म्हणाली, लॅबच्या सिस्टिमवाल्यांना सांगते. मी म्हटलं, घरात मी असताना? अठरा वर्षं ऑफिसात कॉम्प्युटरवर आहे. ती म्हणाली, खरेदी विभागात. मुद्दा तो नाही. आठवड्याची रजा टाकली. जेवणापर्यंत उरकेल.

९:४०
सूचनापुस्तिका एकतीस पानांची. पान एक: आपण टाइप केलेल्या कमांड जो वाचतो तो 'शेल', तुमचा कोणता ते आधी पाहा. पहिलं पान नवशिक्यांसाठी असतं. पान दोनपासून सुरुवात.

दुपारी ४:००
बसलं. नाव टाइप केलं. उत्तर: 'कमांड नॉट फाउंड'. म्हणजे आहे, फक्त सापडत नाही. काखेत कळसा. नव्वद टक्के काम झालं.

मंगळवार, ४ मार्च
प्रोग्राम कुठल्या फोल्डरांत शोधायचे त्या यादीला पाथ म्हणतात. इंटरनेटवरून चार ओळी उचलून टाकल्या आणि चाललं. बायकोला फोन करून कळवलं. कमांड टाइप करायची खिडकी बंद करून पुन्हा उघडली. नॉट फाउंड.
खिडकी बंद न करणे हा एक उपाय आहे. तिला सुचवला.

बुधवार, ५ मार्च
त्याच ओळी बॅशआरसी नावाच्या फाइलीत लिहिल्या. खिडकी उघडली की मशीन ती फाइल आपोआप वाचतं. वाचलं नाही. अकरा वेळा लिहिल्या. लॅपटॉप हट्टी आहे.
बायको संध्याकाळी खुशीत आली. म्हणाली, शुक्रवारची काळजी करू नकोस. असा विश्वास टाकणारी बायको मिळायला नशीब लागतं.

गुरुवार, ६ मार्च
गंमत म्हणून पान एक वाचलं. बॅशआरसी ही बॅश नावाच्या शेलची फाइल, आणि या मशीनचा शेल बॅश नाहीच. लॅबचे मोठे सर तीस वर्षांपासून सी-शेल वापरतात, म्हणून सगळ्यांच्या लॅपटॉपवर तोच. त्याची फाइलही वेगळी. काल दिवसभर मी पत्रं शेजाऱ्याच्या पेटीत टाकत होतो. चूक सरांची.
योग्य फाइलीत जुन्या पाथच्या जागी नवा लिहिला. जुनी यादी तशीच ठेवायची असते हे बाविसाव्या पानावर आहे. आता सॉफ्टवेअर सापडतं, बाकी काहीच सापडत नाही. फोल्डरात काय आहे हे दाखवणारी साधी कमांडसुद्धा नाही.
खरं लिहायचं तर वाईट वाटलं. ती डॉक्टर होणार. त्या दोनशे पानांत कुठेतरी माझा हात लागावा एवढंच होतं.

शुक्रवार, ७ मार्च. सायंकाळी ५:०५
झालं नाही. तिला फोन केला, गाइडबाईंकडून दोन दिवस मागून घे, दोष माझ्यावर टाक म्हटलं. ती म्हणाली, आलेख बुधवारीच गेले. सिस्टिमवाल्यांनी त्यांच्या मशीनवर चहाच्या आधी करून दिलं. मग मला सांगितलं का नाहीस, विचारलं. ती म्हणाली, तू इतका मन लावून बसला होतास.
आलेख वेळेवर गेले, हे महत्त्वाचं. जेवलो नाही.

शनिवार, ८ मार्च. दुपारी ३:१०
चाललं. जुनी यादी अखेर परत जोडता आली. खिडकी बंद करून उघडली, तरी चाललं. मशीन बंद करून सुरू केलं, तरी चाललं. तिला हाक मारली. ती ओले हात पुसत आली, वाकून पाहिलं, छान म्हणाली. खरंच छान म्हणाली. मग म्हणाली, लॅपटॉप सोमवारी लॅबला परत द्यायचाय, आतलं सगळं पुसून. तेवढं करशील का?

३:३०
केलं. एकही एरर आला नाही.