आवाज बसला त्या दिवशी

प्रिय अक्का,

फोनवर तू विचारतेस, "जेवलीस का? बरी आहेस ना?" आणि मी "हो, हो" म्हणून मोकळी होते. कागदावर असं निसटता येत नाही, म्हणून आज लिहायला बसले आहे. रविवारची दुपार आहे. समोरची लॉन्ड्री बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि ही दुपार काही केल्या सरत नाही बघ.

इथे कॉलेजात माझं नाव 'मावशी' पडलंय. सगळी पोरं पंचविशीच्या आतली, मी पन्नाशीला टेकलेली. वाईट नाहीत गं. नोट्स मागितल्या की देतात, लिफ्टमध्ये मला आधी जाऊ देतात. पण तास संपला की घोळक्याने चहाला जातात, आणि मला बोलवावं हे त्यांच्या डोक्यातच येत नाही. मावशीसमोर मनमोकळी टिंगल कशी करणार! मग मी खोलीवर येऊन मोठ्याने उच्चारांचा सराव करते. एकदा अशीच 'शिप, शीप, शिप, शीप' करत होते, तर घरमालकीणबाईंनी दार वाजवलं. म्हणाल्या, "मांजर शिरलंय का हो आत?" मी पोट धरून हसले. त्या गेल्यावर लक्षात आलं, दिवसभरात माझ्याशी आपणहून बोललेलं ते पहिलंच माणूस.

हे गेल्यावर मी हे काय खूळ डोक्यात घेतलं, असं तुला वाटलंच असेल. बोलली नाहीस, ते तुझं मोठेपण. पण चष्म्याचं दुकान बंद केलं आणि सकाळी उठून करायचं काय, हेच मला कळेना. बी.ए.ला इंग्रजी होतं. शिवाय हे नेहमी म्हणायचे, "गिऱ्हाइकाला समजावून सांगावं तर हिनेच." तेवढ्या भांडवलावर मी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवायच्या परवान्याचा अभ्यास धरला.

सराव पाठांसाठी मला नववीचा वर्ग दिला होता. त्या वर्गात शेवटच्या बाकावर एक उंच मुलगी बसायची. प्रश्न विचारला की उभी राहायची आणि खाली बघायची. बाकीची पोरं म्हणायची, "सोडा मॅडम, ती बोलतच नाही." माझ्या मार्गदर्शक बाईंनीही तेच सांगितलं. मी सोडलं नाही, पण जमलंही नाही. रोज विचारायचं आणि रोज ती खाली बघायची.

परवान्यासाठीचा अंतिम पाठ होता त्या दिवशी सकाळी उठले तर घशातून आवाजच फुटेना. गरम पाणी, गुळण्या, सगळं करून पाहिलं. परीक्षक बाहेरगावाहून आलेले. पुढची तारीख मागितली असती तर वर्ष गेलं असतं. आणि पाठ कशावर, सांगू? कर्तरी आणि कर्मणी प्रयोगावर, म्हणजे इंग्रजीत 'व्हॉइस'वर! आमच्या कॉलेजातला एक टवाळ म्हणाला, "मावशी, व्हॉइस शिकवायला निघालात आणि व्हॉइसच घरी विसरलात." रडावं की हसावं कळेना.

फळ्यावर लिहिलं, 'आज मी करीन, तुम्ही बोला.' मग खिडकी लावली. पोरं ओरडली, "मॅडम क्लोज्ड द विंडो!" मी बोट फिरवून वाक्य उलटं करायची खूण केली. "द विंडो वॉज क्लोज्ड बाय मॅडम!" खडू मोडला, छत्री उघडली, एकाचा डबा उचलून दुसऱ्याच्या बाकावर ठेवला. वर्ग नुसता पेटला होता. तेवढ्यात ती उंच मुलगी उठून पुढे आली, माझ्या नाकावरचा चष्मा काढून स्वतःला लावला आणि स्पष्ट म्हणाली, "द ग्लासेस वेअर स्टोलन बाय मी." असा हशा उसळला की परीक्षकसुद्धा हातातला कागद तोंडावर धरून हसले. मला चष्म्याशिवाय काही धड दिसत नव्हतं. परत देताना तिने तो आपल्या रुमालाने नीट पुसला. अक्का, हे रोज सकाळी माझा चष्मा पुसून द्यायचे. हे गेल्यापासून तो कुणी पुसून दिला नव्हता. मी फळ्याकडे तोंड करून उगाच तारीख पुसली आणि तीच पुन्हा लिहिली.

संध्याकाळी निकाल कळला. पास. मार्गदर्शक बाईंनी पाठीवर हात ठेवला, पोरं "मावशी, पार्टी!" म्हणून आपापल्या वाटेने गेली. मी जिने चढून आले, कुलूप काढलं, आणि त्या बसक्या आवाजात बोलून गेले, "अहो, झाले हो पास." दिवासुद्धा लावला नव्हता. मग चप्पल न काढता तशीच किती वेळ कॉटवर बसून राहिले.

तुला त्याच वेळी फोन करायला हवा होता. केला नाही, कारण तू आधी आनंदाने रडली असतीस आणि मग म्हणाली असतीस, "झालं ना मनासारखं? आता ये." मागची खोली तू माझ्यासाठी रंगवून घेतलीस, पडदे शिवलेस, हे तुझा लेक परदेशातून फोनवर बोलून गेला. एवढ्या मोठ्या घरात तू एकटी असतेस, आणि इथे मी. दोघींनी एकत्र राहावं यात चूक काहीच नाही, अक्का. पण त्याच शाळेने मला नोकरी देऊ केली आहे आणि मी हो म्हणून आले आहे. मी तुझ्याकडे राहायला येत नाही. सुट्टीत येईन, पाहुणचार करून घेईन, तुझ्या हातचं खाऊन जाड होऊन जाईन. रागावायचं तेवढं रागाव, चार दिवस बोलू नकोस. फक्त फोनवर 'ये' म्हणू नकोस. तू म्हणालीस तर मी येईन.

तुझीच,
धाकटी