इंग्रजीची सूट गेली

बदनापूर, मंगळवार, फेब्रुवारी १९७५

आज बी.ए.च्या राहिलेल्या परीक्षेचा अर्ज भरायला जालन्याला कॉलेजात गेल्ते. कारकून म्हणाले, "बाई, इंग्रजीत पास होऊन मिळालेली तुमची जुनी सूट आता चालत न्हाई. नियम बदलला. इंग्रजीच्या पेपरला परत बसा."

लग्नाआधी पास झालेला पेपर तो. त्यानंतर चौथीच्या मुलांना मराठी शिकवता शिकवता इंग्रजी पार विसरले. परत कसं जमणार?

येताना गाडीत शोभा भेटली, माझीच जुनी विद्यार्थिनी. "बाई, मी पण यंदा इंग्रजीच्या पेपरला बसून राह्यले. बराबर जाऊ," म्हणाली. मी हसले, पण मनात आलं, तिच्यासमोर नापास झाले तर?

यांना अजून सांगितलं न्हाई. ते म्हणतील, सोडून दे आता. त्याचं काही न्हाई. पण मी लगेच हो म्हणेन, याचीच भीती वाटते.