खाली उमटणारी अक्षरं

सोमवार, ४ ऑगस्ट

आजपासून आठवड्यातून तीन तासांना व्हिडिओ दाखवायचाच — मोठ्या सरांचं फर्मान. मुख्याध्यापक झाल्यापासून त्यांना रोज नवं खूळ सुचतं. वर नोंदवही. कुठला व्हिडिओ, किती मिनिटांचा, मुलांना काय कळलं. एकवीस वर्षं विज्ञान शिकवतेय, मुलांना काय कळलं ते मला अजून नक्की कळलेलं नाही.

सहावीला पचनसंस्था. पडदा, प्रोजेक्टर, खिडक्यांना चादरी — यातच पंधरा मिनिटं गेली. मग केसांच्या तेलाची जाहिरात लागली. अख्ख्या वर्गाने ती तोंडपाठ म्हटली. जठरापर्यंत पोचलो आणि घंटा झाली.

पाय भरून आलेत.

बुधवार, ६ ऑगस्ट

व्हिडिओ मधेच अडकला. पडद्यावर ते चक्र गोल गोल फिरत राहिलं आणि पन्नास मुलं त्याच्याकडे बघत राहिली. माझ्याकडे इतकं टक लावून कुणी कधी बघत नाही.

सोमवार, ११ ऑगस्ट

स्पीकर बंद पडला. शिपाईमामांनी दोन थपडा मारून पाहिल्या. "गेला, बाई." लॅपटॉपचा आवाज पहिल्या बाकापलीकडे जाईना. बोललेलं खाली अक्षरांत उमटायची सोय असते, वैतागून ती चालू केली. म्हटलं, घ्या, वाचा आपापलं.

हृदयाचा धडा होता. संपल्यावर प्रश्न विचारले. पहिला हात वर — ढिम्मीचा. शेवटच्या बाकावरची. हाक मारली तरी ढिम्म हलत नाही म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. मनातल्या मनात मीही तेच म्हणते, इथे खोटं कशाला लिहू? दीड वर्षात तिने आपणहून हात वर केला नव्हता. आज चारही कप्पे सांगितले, रक्त कुठून येतं, कुठे जातं, सगळं. शब्द गिळत, अडखळत, पण बिनचूक.

"हे कुठे वाचलंस गं?"

"तिथे." पडद्याकडे बोट.

मंगळवार, १२ ऑगस्ट

स्पीकर दुरुस्त होऊन आला. व्हिडिओ आवाजासकट लावला, अक्षरं बंद. ढिम्मीची मान खाली, नखाने बाक कोरत बसलेली. मधेच अक्षरं चालू केली. मान वर. बंद केली. मान खाली.

तास संपल्यावर तिच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले. हाक मारली, खऱ्या नावाने. दोनदा. मग जोरात. शेजारणीने कोपराने ढोसलं तेव्हा कुठे वळली — आणि थेट माझ्या ओठांकडे बघायला लागली.

मी निम्मा वेळ फळ्याकडे तोंड करून बोलते.

गुरुवार, १४ ऑगस्ट

तिच्या आईला बोलावलं. शिलाईकाम करते. घाईत आली, मोजायची टेप गळ्यात तशीच. आल्या आल्या म्हणाली, "आता काय केलं हिने?" तिचंही बरोबर आहे. गेल्या वर्षी मीच बोलावून सांगितलं होतं — मुलगी बेपर्वा आहे, घरी जरा धाक ठेवा.

कानांचं सांगितलं. ती गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही सांगितलंत म्हणून मी तिला मारलं, बाई. हाकेला ओ देत नाही म्हणून मारलं."

मी पाण्याचा पेला पुढे केला. म्हटलं, दवाखान्यात मी येते बरोबर.

मंगळवार, १९ ऑगस्ट

काचेच्या खोलीत तपासणी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन्ही कानांना निम्म्याहून कमी ऐकू येतं, बहुधा पहिल्यापासूनच. ओठ बघून आणि अंदाजाने इथवर आलीय. "हुशार आहे हो पोरगी. वर्गात बसते कुठे?"

"शेवटच्या बाकावर," मी म्हटलं.

तिथे कुणी बसवलं, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

बुधवार, २० ऑगस्ट

तिला पहिल्या बाकावर आणलं. आता प्रत्येक व्हिडिओला अक्षरं चालू. ज्यांना नसतील ते बाद.

मोठे सर खूश. "बघा, व्हिडिओचा उपयोग झाला की नाही?" झाला, म्हटलं. स्पीकर बिघडला म्हणून झाला, हे गिळलं.

बुधवार, ३ सप्टेंबर

फळ्याकडे वळले की बोलणं थांबवायचं. जुनी खोड, दिवसातून दहादा चुकते. सारखं मागे वळून वळून मान धरलीय.

सोमवार, २२ सप्टेंबर

आज कानांत यंत्रं घालून आली. तास संपला, सगळे गेले, ही टेबलापाशी घुटमळत राहिली.

"बाई, तुमचा आवाज मला वाटायचा तसा नाहीये."

"मग कसा आहे?"

तिने जरा विचार केला.

"दमलेला."